लाइटबिल कमी आलं म्हणजे वीज वाचली का? छोट्या व्यवसायांनी पर्यावरणाचा हिशोब कसा मांडावा

वणी : द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या मालकाला लाइटबिल किती येतं असं विचारलं, तर रुपयांचा आकडा तोंडपाठ असतो. युनिट किती जळाले, असं विचारलं तर बिल शोधावं लागतं. आणि एका क्विंटल मालामागे किती युनिट जळाले, हा प्रश्न तर बहुतेक ठिकाणी कधी कुणी विचारलेलाच नसतो. आता तो विचारला जाऊ लागला आहे. युरोपात द्राक्षं घेणाऱ्या दुकानसाखळ्या निर्यातदाराकडून वीज, पाणी, कचरा यांचा तपशील मागतात, निर्यातदार तो पॅकहाऊसकडून मागतो आणि कागद फिरत फिरत दिंडोरी तालुक्यातल्या शेडपर्यंत येतो. शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना 2022-23 पासून पर्यावरणाचा अहवाल देणं सेबीने सक्तीचं केलं. त्यांना माल पुरवणाऱ्यांची माहिती देणं सध्या ऐच्छिक आहे, तरी विचारणा होतेच.

अशा वेळी बरेच जण एक सोपा मार्ग काढतात. ‘आम्ही पर्यावरणपूरक आहोत’ असं लिहून, वृक्षारोपणाचा एक फोटो जोडून फॉर्म पाठवून देतात. फोटोने या वर्षीचं काम भागतं. पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये ‘मागील वर्षाच्या तुलनेत किती टक्के घट’ असा रकाना येतो आणि तिथे फोटो चालत नाही.

मोजणं या भागाला नवं नाही

न मोजण्याची किंमत काय असते हे नाशिकच्या द्राक्ष उत्पादकाला वेगळं सांगायची गरज नाही. 2010 च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश सापडला. तिथली मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम. आपल्याकडे ज्या यादीप्रमाणे अंश तपासले जात होते, त्या यादीत हे नावच नव्हतं. बाकी सगळ्या तपासण्या नीट झालेला माल बंदरात अडकला आणि निर्यातदारांबरोबर शेतकरीही बुडाले. त्यानंतर यादी वाढली. पीपीएम हा शब्द आज बांधावरच्या गप्पांत सहज येतो, तो या तडाख्यानंतर.

दुसरं उदाहरण पाण्याचं आहे आणि ते अभिमानाने सांगण्यासारखं आहे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्यावर, शेपटाकडच्या ओझर भागात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी त्यासाठी गावोगाव फिरून लोक जोडले. पूर्वी पाणीपट्टी पीक आणि क्षेत्र पाहून लागायची. या संस्था पाटबंधारे खात्याकडून पाणी घनमीटरने मोजून घेऊ लागल्या. किती मिळालं आणि कुणाला किती दिलं, हे आकड्यात आलं. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाच्या पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आलं आणि राज्यभरातून लोक ते पाहायला येऊ लागले. कालव्याचं पाणी मोजणाऱ्या तालुक्याला शेडमधलं पाणी आणि वीज मोजणं अवघड नाही.

आकडे खणातच पडलेले असतात

सुरुवातीला कोणतंही मशीन विकत घ्यावं लागत नाही. महावितरणच्या बिलावर चालू महिन्याच्या युनिटबरोबर मागच्या महिन्यांचा वापरही छापलेला असतो. डिझेलच्या पावत्या जनरेटरच्या नावाने वेगळ्या काढल्या की लिटर मिळतात. गॅसच्या टाक्या, पॅकिंगचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पनेट यांची खरेदीबिलं जीएसटीसाठी जपलेलीच असतात. मुनीमजी ही बिलं रुपयांसाठी बघतात. तीच बिलं युनिट, लिटर आणि किलोसाठी एकदा उलटायची, एवढंच.

हे आकडे एका मापात आणायचे तर साधे गुणाकार आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रीडसाठी दरवर्षी एक आकडा जाहीर करतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. एक लिटर डिझेल जळालं की सुमारे 2.7 किलो. हॉटेलातली 19 किलोची एक टाकी संपली की साधारण 57 किलो. फॉर्ममध्ये ‘कार्बन फूटप्रिंट’ असं भारदस्त नाव असलं तरी छोट्या व्यवसायापुरता त्याचा मोठा भाग या तीन गुणाकारांत येतो. त्यात न येणारी एक गोष्ट मात्र फार मोठी आहे, ती पुढे.

आधारवर्ष निवडताना घाई होते. मागचं वर्ष हाताशी असतं म्हणून तेच धरलं जातं. पण 2019 सारखं वर्ष, ज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीने द्राक्षबागा झोडपल्या, ते आधार म्हणून धरलं तर पुढची सगळी तुलना वाकडी होते. शक्य असेल तिथे तीन हंगामांची सरासरी धरावी. आणि हंगामाची तुलना हंगामाशीच करावी. ज्या शेडमध्ये पावसाळ्यात टोमॅटोची कॅरेट भरली जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर द्राक्ष, तिथे दोन्हीची वही वेगळी हवी. टोमॅटोला शीतगृह लागत नाही. दोन्ही एकत्र केलं तर आकडा कशाचाच राहत नाही.

बिल घटलं, तरी वीज वाया गेली

खरी गोची इथे आहे. उदाहरणादाखल आकडे धरू. एका पॅकहाऊसने पहिल्या हंगामात 4,000 क्विंटल द्राक्षं थंड करून पाठवली आणि 40,000 युनिट वीज वापरली. क्विंटलला 10 युनिट. दुसऱ्या हंगामात पावसाने माल कमी आला. 2,500 क्विंटल गेला, वीज लागली 30,000 युनिट. बिलात 25 टक्के घट. मालक खूश, आणि फॉर्मवरही ‘25 टक्के बचत’ असं लिहून जातं. पण क्विंटलला भागलं तर आकडा 12 येतो. म्हणजे वीज 20 टक्के जास्त जळाली.

कारण साधं आहे. शीतगृह अर्धं भरलं तरी कॉम्प्रेसर, पंखे, दिवे चालूच राहतात. भिंतीतून आणि दारातून उष्णता तेवढीच आत येते. दोन खोल्या अर्ध्या-अर्ध्या चालवण्याऐवजी एकच खोली पूर्ण चालवली असती तर या वर्षात खरी बचत झाली असती. एकूण बिल बघणाऱ्याला हे दिसत नाही, क्विंटलने भागणाऱ्याला दिसतं.

मात्र क्विंटलचा भागाकार सगळीकडे लावून चालत नाही. माल दुप्पट झाला, क्विंटलमागचं पाणी दहा टक्क्यांनी घटलं, तरी विहिरीतून उपसा जवळपास दुपटीकडेच गेला. जमिनीखालचं पाणी क्विंटल मोजत नाही. म्हणून विजेसाठी क्विंटलमागचा आकडा पुढे ठेवावा, आणि पाणी व कचऱ्यासाठी एकूण आकडाही सोबत लिहावा. फॉर्ममध्ये दोन्ही मागितले नसले तरी.

सोलर बसवलेल्यांची आणखी एक फसगत होते. नेट मीटरिंगमध्ये छपरावर तयार झालेली जादा वीज ग्रीडला जाते आणि बिल शून्यावर येतं. बिल शून्य म्हणजे वापर शून्य नव्हे. खरा वापर काढायचा तर ग्रीडकडून घेतलेली वीज अधिक सोलरने तयार केलेली, वजा ग्रीडला दिलेली, असा हिशोब करावा लागतो. सोलरचा आकडा इन्व्हर्टरच्या पडद्यावर किंवा मोबाइल ॲपवर असतो. हा हिशोब न करणाऱ्या ठिकाणी सोलर आल्यावर शीतगृहाचं दार उघडं राहायला लागतं. ‘आता काय, वीज फुकटच आहे.’

सोलर वाईट, असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे एक किलोवॉटच्या पॅनलमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. द्राक्षाचा हंगाम लख्ख उन्हाचा, त्यामुळे ताळमेळही चांगला बसतो. फक्त वापर कमी करणं हे एक उद्दिष्ट आणि स्वच्छ वीज वापरणं हे दुसरं. दोन्हींची खिचडी करू नये.

कूलिंगचा गॅस : कुणाच्याच वहीत नसलेला आकडा

शीतगृह नीट थंड होईना की मेकॅनिक येतो, ‘भाऊ, गॅस कमी झालाय’ म्हणतो, भरतो, पैसे घेतो आणि जातो. बिलावर ‘गॅस चार्जिंग’ आणि रक्कम. कोणता गॅस, किती किलो, कुठून गळाला, काहीच नाही. छोट्या व्यवसायाच्या पर्यावरणाच्या हिशोबातली सगळ्यात मोठी चूक ती हीच.

जुन्या आणि मध्यम शीतगृहांत आर-404ए हा गॅस बऱ्याच ठिकाणी असतो. तो एक किलो हवेत गेला की तापमानवाढीवर सुमारे 3,900 किलो कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम होतो. म्हणजे जवळपास 1,450 लिटर डिझेल जाळल्यासारखं. वरच्या उदाहरणातल्या पॅकहाऊसने मेहनत करून क्विंटलला 10 ऐवजी 9 युनिटवर काम भागवलं, तर 4,000 क्विंटलला 4,000 युनिट वाचतील, म्हणजे 2,800 किलो कार्बन डायऑक्साइड. पाऊण किलो गॅस गळाला की ही सगळी कमाई पुसली. आणि गॅस गळतो तेव्हा किलो-दोन किलोने सहज गळतो.

आर-22 हा जुना गॅस किलोला सुमारे 1,800 किलोएवढा पडतो. शिवाय तो ओझोनच्या थराला घातक असल्याने 2030 पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. आज आर-22 वरची जुनी यंत्रणा स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मोठ्या शीतगृहांत अमोनिया असतो. त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम शून्य धरला जातो, पण तो विषारी आहे आणि त्याच्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो. छोट्या शेडने तो स्वतःच्या हिमतीवर हाताळण्याचा विषय नाही.

त्यामुळे पहिल्या वर्षी एकच उद्दिष्ट ठेवायचं असेल, तर ते विजेपेक्षा गॅसचं असावं. मेकॅनिककडून प्रत्येक वेळी गॅसचं नाव, भरलेले किलो आणि गळतीची जागा लिहून घ्यायची. गळती शोधून बंद केल्याशिवाय नुसता गॅस भरू द्यायचा नाही. हंगामाआधी सांधे साबणाच्या फेसाने तपासून घ्यायचे. खर्च नगण्य आहे, आणि गॅस महाग असल्यामुळे वाचलेले किलो थेट खिशात राहतात.

पाणी : ड्रम आणि घड्याळ

पाण्याचं मीटर नसेल तरी अडत नाही. दोनशे लिटरचा ड्रम पंपाच्या पाइपाखाली ठेवायचा आणि मोबाइलवर वेळ लावायची. ड्रम 80 सेकंदांत भरला तर सेकंदाला अडीच लिटर, म्हणजे तासाला 9,000 लिटर. पंप रोज किती तास चालतो हे लिहिलं की दिवसाचं पाणी निघालं. पण एकदा मोजून वर्षभर तोच आकडा वापरता येत नाही. डिसेंबरमध्ये वर असलेली विहिरीची पातळी एप्रिलमध्ये खाली जाते, पंप तेवढेच तास चालतो आणि पाणी कमी येतं. दर महिन्याला एकदा ड्रम भरून बघावा. ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव ही धरणं जवळ असूनही उन्हाळ्यात टँकरचं नाव निघतं, त्या भागात महिन्याची पाच मिनिटं काही जास्त नाहीत. टँकर मागवावा लागला तर त्याचे लिटर वहीत वेगळे लिहावेत. वर्षअखेरीस तोच आकडा सगळ्यात आधी डोळ्यात भरतो.

यात्रेच्या वाटेवरचे व्यवसाय

सप्तशृंगगड कळवण तालुक्यात आणि वणी दिंडोरी तालुक्यात, तरी राज्यभरातले भाविक ‘वणीची देवी’ म्हणूनच येतात. चैत्रातली यात्रा आणि नवरात्र या दोन वेळांना इथल्या हॉटेल, ढाबे, प्रसादाच्या दुकानांचा वर्षाचा बराचसा धंदा होतो. इथे महिन्याची महिन्याशी तुलना निरुपयोगी आहे. यात्रा तिथीने येते, एका वर्षी मार्चअखेर तर दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये. यात्रेची तुलना यात्रेशी, आणि भागायचं ते थाळ्यांनी. शंभर थाळ्यांमागे किती किलो गॅस, हा ढाब्याचा आकडा. अर्धवट वापरलेली टाकी मोजायची तर वजनकाटा पुरतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच छापलेलं असतं.

कचऱ्याचं वजन करत बसायलाही यात्रेत कुणाला वेळ नसतो. त्यासाठी उलटा मार्ग आहे. दुकानात आलेल्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी खरेदीबिलातून मोजायची. जे आत आलं तेच बाहेर कचरा म्हणून जाणार, वाटेत सापडणार नाहीतर घाटात. ढाब्यावर थंड पाण्याचा जार ठेवून बाटल्यांची विक्री किती घटली, हे पुढच्या यात्रेच्या बिलावरून कळतं. कॅरीबॅग आणि थर्माकोलच्या ताटांबाबत मात्र उद्दिष्ट ठेवायचा प्रश्नच नाही. राज्यात 2018 पासून प्लॅस्टिकबंदी आहे, एकदाच वापरून फेकायच्या ठरावीक वस्तूंवर देशभरात 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड आहे. कायदा पाळणं ही कामगिरी म्हणून फॉर्मवर लिहू नये. बरेच जण लिहितात.

उद्दिष्ट किती मोठं असावं

‘पाच वर्षांत शून्य कार्बन’ हे वाक्य मोठ्या कंपन्यांकडे सल्लागार असतात म्हणून जमतं, आणि तिथेही नेहमी जमतं असं नाही. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्समध्ये 2022 मध्ये युरोपीय गुंतवणूकदारांनी 310 कोटी रुपये घातले. त्या पैशाच्या नियोजनात टाकाऊ मालापासून वीज तयार करणारा बायोमास प्रकल्पही होता. दहा माणसांच्या शेडने तशी भाषा बोलण्यात अर्थ नाही. शेडचं उद्दिष्ट असं असावं : येत्या हंगामअखेर क्विंटलला 10 युनिटवरून 9 वर यायचं. आकडा, तारीख, आणि शेडमधल्या ज्या माणसाने दर सोमवारी मीटरचं रीडिंग लिहायचं त्याचं नाव. मालकाचं नाव नको. मालक हंगामात बांधावर, बाजारात आणि फोनवर असतो, आणि सोमवार हुकतो.

एक युनिट कुठून वाचेल? सगळ्यात स्वस्त जागा शेतात आहे. दुपारी काढलेलं द्राक्ष 32 अंशांवर शेडमध्ये आलं, तर एक अंशावर नेताना 31 अंश उतरवावे लागतात. पहाटे काढलेलं 22 अंशांवर आलं तर 21. मालाची उष्णता काढण्याचं काम एक तृतीयांशाने हलकं होतं, तेही एक रुपया न घालता. पहाटेची काढणी बहुतेक बागायतदार करतातच, पण कॅरेट झाडाखाली किंवा गाडीत उन्हात तीन तास उभी राहतात आणि कमावलेलं तिथेच जातं. त्यानंतर दारावरचे प्लॅस्टिकचे पडदे, कंडेन्सरवरची धूळ, दाराचं फाटलेलं रबर. नवा कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी. विकणारा तो सगळ्यात आधी सुचवतो.

सरकारी मदतीत उत्पादन करणाऱ्या उद्योगांसाठी केंद्राची ‘झेड’ प्रमाणपत्र योजना आहे. उद्यम नोंदणी असली की ऑनलाइन अर्ज करता येतो. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा तीन पातळ्या आहेत आणि प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के, लघुउद्योगाला 60 टक्के, मध्यमला 50 टक्के सवलत आहे. ऊर्जा आणि पर्यावरणाचे निकष वरच्या पातळ्यांत येतात, त्यामुळे कांस्य मिळालं म्हणजे पर्यावरणाचा हिशोब झाला असं समजू नये.

आकडे हाती आल्यावर ते मिरवण्याचा मोह होतो. बॉक्सवर हिरवं पान आणि ‘100 टक्के इको-फ्रेंडली’ असं छापण्याआधी थांबावं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 15 ऑक्टोबर 2024 रोजी पर्यावरणाच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘इको-फ्रेंडली’, ‘हरित’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द वापरले तर त्यामागचा पुरावा दाखवावा लागतो, आणि या सूचना छोट्या विक्रेत्यालाही लागू आहेत. ‘2024-25 च्या हंगामात क्विंटलला 10 युनिट, 2025-26 मध्ये 9 युनिट, कूलिंग गॅस भरलेला : शून्य किलो’ असं लिहिलं आणि बिलांची फाइल जवळ ठेवली, तर तपासायला आलेल्या माणसाला चहा पिऊन होईपर्यंत सगळं दाखवून होतं.

ऑक्टोबरची छाटणी झाली की शेडमध्ये डागडुजी सुरू होते. मीटरचं पहिलं रीडिंग, गॅसच्या दाबाची नोंद आणि ड्रमची पहिली वेळ तेव्हाच लिहून ठेवावी. पहिला कंटेनर दारात लागल्यावर या गोष्टी कुणाला सुचत नाहीत.